डीएनएस कॅशे पुसूनही जुनाच पत्ता का येतो? पुसण्याआधी काय पाहावे

नागपूरच्या इतवारीतील एका व्यापारी पेढीचा हिशेबाचा सर्व्हर पेढीतच ठेवलेला आहे आणि कळमना बाजारातील गाळ्यावरचे संगणक त्याला इंटरनेटवरून, नावाने जोडलेले आहेत. उन्हाळ्यात इतवारीची लाइट गेली आणि परत आली की गाळ्यावर बिल निघणे बंद होते. पेढीतल्या संगणकांना काहीच अडचण नसते, गाळ्यावर इतर संकेतस्थळेही नीट उघडतात, फक्त हिशेबाचे सॉफ्टवेअर सर्व्हर सापडत नाही असे सांगते. मग कोणीतरी फोनवरून ‘फ्लश मार’ म्हणून सांगतो. कधी त्याने काम होते, कधी होत नाही, आणि काही वेळाने सारे आपोआप सुरू झाले की पुढची लाइट जाईपर्यंत तो विषय कोणी काढत नाही.

हीच तक्रार वेगवेगळ्या रूपांत सगळीकडे भेटते. संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर हलवल्यावर धरमपेठेतल्या कार्यालयात नवे पान दिसते आणि हिंगण्याच्या कारखान्यात जुनेच दिसत राहते. नवे उपनाव (सबडोमेन, म्हणजे मूळ नावाच्या आधी शब्द जोडून केलेले नाव) तयार केल्यावर ते मोबाईलवर उघडते आणि संगणकावर उघडत नाही. प्रत्येक वेळी सुचवला जाणारा उपाय एकच असतो, डीएनएस कॅशे पुसणे किंवा फ्लश करणे, म्हणजे संगणकाने जपून ठेवलेले नावांचे पत्ते पुसून टाकणे. तो उपाय चांगला आणि निर्धोक आहे. परंतु जुना पत्ता नेमका कोणाकडून येत आहे हे न पाहता कॅशे पुसली, तर ते शोधण्याचा पुरावाही तिच्यासोबत पुसला जातो आणि तक्रार पुन्हा येण्यास मोकळी राहते. म्हणून या लेखात पुसण्याच्या आज्ञा तर दिल्याच आहेत, पण अधिक जागा पुसण्याआधी काय पाहावे याला दिली आहे.

आज्ञा आणि पत्ते येथे देवनागरीत, फोनवर सांगावेत तसे लिहिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायचे आहेत; जिथे चूक होण्याचा संभव आहे तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

नाव, पत्ता आणि मुदत

संगणक एकमेकांना आकडी पत्त्याने ओळखतात, माणसे नावाने. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि १९८७ मध्ये तिचे जे मूळ नियम ठरले त्यांवरच ती आजही उभी आहे. प्रत्येक वेळी नाव विचारण्यासाठी मूळ सर्व्हरपर्यंत जावे लागू नये म्हणून मिळालेले उत्तर वाटेत ठिकठिकाणी जपून ठेवले जाते. ब्राउझर आपल्यापाशी एक प्रत ठेवतो, विंडोज दुसरी ठेवते, राउटर बहुधा तिसरी ठेवतो आणि ब्रॉडबँड कंपनीचा किंवा सार्वजनिक सेवेचा डीएनएस सर्व्हर चौथी ठेवतो. या जपून ठेवलेल्या प्रतींना कॅशे म्हणतात.

प्रत्येक उत्तरासोबत सेकंदांत मोजलेली एक मुदत येते, तिला टीटीएल म्हणतात. ३०० म्हणजे पाच मिनिटे, ३६०० म्हणजे एक तास आणि ८६४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. कळमन्यात सकाळच्या लिलावानंतर पाटीवर लिहिलेला संत्र्याचा भाव जसा पुढच्या लिलावापर्यंतच धरायचा असतो, तसे हे उत्तर मुदतीपर्यंतच धरायचे असते. मुदत संपण्याआधी मूळ जागी पत्ता बदलला (लाइट जाऊन आल्यावर पेढीचा राउटर नव्याने जोडला जातो तेव्हा पेढीचा पत्ता असाच बदलू शकतो), तर त्याची खबर कोणालाही आपणहून पाठवली जात नाही. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे तो ती मुदत संपेपर्यंत निष्ठेने वापरत राहतो. म्हणूनच काही वेळाने ‘आपोआप’ सुरू होते. ते आपोआप नसते, मुदत संपलेली असते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वरचा सर्व्हर खाली उत्तर देताना पूर्ण मुदत नव्याने देत नाही, उरलेली मुदतच देतो. त्यामुळे चार ठिकाणी प्रती असल्या तरी मुदत चौपट होत नाही. एक तासाची मुदत असलेला पत्ता बदलून सहा तास झाले आणि तरीही जुनाच पत्ता येत असेल, तर कारण कॅशेच्या बाहेर कुठेतरी आहे असे समजावे आणि पुन्हा पुन्हा फ्लश करण्यात वेळ घालवू नये.

पुसण्याआधी चार उत्तरे लिहून घ्यावीत

पहिले उत्तर पेढीतून घ्यावे, म्हणजे खरा पत्ता आत्ता कोणता आहे हे कळते. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली तो दिसतो; शिवाय पेढीतल्या एखाद्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी पत्ता काय’ असे शोधले की बाहेरून दिसणारा पत्ता कळतो. हे दोन्ही पत्ते जुळतात का तेही तेव्हाच पाहावे. राउटरच्या पानावरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने या वेळी अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता दिला आहे आणि बाहेरून थेट आत येण्याची वाटच उरलेली नाही. लाइट जाऊन आल्यावर राउटर नव्याने जोडला जातो तेव्हा असेही घडू शकते. अशा वेळी गाळ्यावर काहीही पुसून उपयोग नाही. कंपनीलाच फोन करून सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

दुसरे उत्तर गाळ्यावरच्या विंडोजकडून घ्यावे. कमांड प्रॉम्प्ट (स्टार्टमध्ये सी-एम-डी असे शोधल्यावर मिळणारी, आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून पिंग, मग एक मोकळी जागा, मग सर्व्हरचे नाव असे द्यावे. सर्व्हर पिंगला उत्तर देतो की नाही हे येथे महत्त्वाचे नाही. पहिल्याच ओळीत चौकटी कंसात जो पत्ता दिसतो तेवढाच टिपून घ्यावा. हा पत्ता विंडोजच्या स्वतःच्या कॅशेतून किंवा होस्ट्स फाइलमधून (नावे आणि पत्ते हाताने लिहिण्याची संगणकातली छोटी फाइल, तिच्याविषयी पुढे) आलेला असू शकतो.

तिसरे उत्तर एनएसलुकअप या आज्ञेने घ्यावे, अक्षरे एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी, मग जागा, मग तेच नाव. ही आज्ञा विंडोजची कॅशे पाहत नाही आणि होस्ट्स फाइलही पाहत नाही. ती थेट जोडणीवर ठरलेल्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे बहुतेक वेळा राउटरला, विचारते. पिंग आणि एनएसलुकअप यांच्या उत्तरांतला फरक हेच या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे, आणि ते फार थोडे लोक वापरतात याचे मला वाईट वाटते, कारण त्याला लागणारा वेळ एका मिनिटाहूनही कमी आहे.

चौथे उत्तर सार्वजनिक डीएनएसकडून घ्यावे. एनएसलुकअप, जागा, नाव, पुन्हा जागा आणि शेवटी ८.८.८.८ असे दिले की तोच प्रश्न २००९ पासून चालू असलेल्या गुगलच्या सार्वजनिक सेवेला जातो, ८.८.८.८ च्या जागी १.१.१.१ दिले तर क्लाउडफ्लेअरला जातो.

आता चारही उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. समजा, पेढीचा आत्ताचा पत्ता २०३.०.११३.७७ आहे. पिंगमध्ये २०३.०.११३.२५ आला आणि उरलेल्या दोन्ही ठिकाणी ७७ आला, तर जुनी प्रत याच संगणकात आहे. येथे कॅशे पुसणे हा योग्य आणि पुरेसा उपाय आहे. पिंग आणि साधे एनएसलुकअप या दोघांनीही २५ दिले आणि ८.८.८.८ ने ७७ दिले, तर जुनी प्रत राउटरमध्ये किंवा कंपनीच्या डीएनएसमध्ये आहे. संगणकाची कॅशे पुसली तरी तो पुन्हा त्यांनाच विचारणार आणि तेच जुने उत्तर परत आणणार. सगळीकडूनच २५ येत असेल तर बहुधा नावाच्या मूळ नोंदीतच पत्ता बदललेला नाही. आणि सगळीकडून बरोबर ७७ येत असूनही सॉफ्टवेअर चालत नसेल, तर डीएनएसचा यात काही दोष नाही. सर्व्हर सुरू आहे का, राउटरमधले पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हरकडे येण्याचे दार, उघडे आहे का, लाइट आल्यावर सर्व्हरवरची सेवा सुरू झाली का, हे पाहावे.

ब्राउझरची चूक-सूचनाही बरेच सांगून जाते. क्रोममध्ये डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन असे आले तर नावच सापडलेले नाही. कनेक्शन टाइम्ड आउट असे आले तर नावाचा पत्ता मिळालेला आहे, पण त्या पत्त्यावरून उत्तर येत नाही. बारावीच्या निकालाच्या दुपारी निकालाचे पान उघडत नाही म्हणून अनेक विद्यार्थी कॅशे पुसत बसतात. तिथे बहुधा सर्व्हरवर एकाच वेळी आलेला भार असतो आणि आपल्या संगणकातली नोंद पुसल्याने तो कमी होत नाही.

विंडोजमधली नोंद पाहणे आणि पुसणे

पुसण्याआधी विंडोजने काय जपून ठेवले आहे ते दाखवणारी आज्ञा अशी आहे: आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, मग एक मोकळी जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-आय-एस-पी-एल-ए-वाय-डी-एन-एस. म्हणजे आयपीकॉन्फिग, जागा, /डिस्प्लेडीएनएस. पडद्यावर नोंदींची लांबच लांब यादी सरकते. आपले नाव शोधून त्याखालच्या ओळी नीट वाचाव्यात. रेकॉर्ड टाइप समोर १ असेल तर ती नेहमीच्या चार आकड्यांच्या पत्त्याची नोंद आहे, २८ असेल तर आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या लांब पत्त्याची आणि ५ असेल तर एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी. टाइम टू लिव्ह समोरचा आकडा म्हणजे उरलेली मुदत. थोड्या वेळाने तीच आज्ञा पुन्हा दिली की हा आकडा उतरलेला दिसतो, २८०० च्या जागी २७०० च्या घरात आलेला असतो. हा उतरता आकडा पाहिला की गाळ्यावरच्या माणसाला नेमके सांगता येते की काहीही केले नाही तरी पाऊण तासात हे सुरू होईल, आणि घाई असेल तर आत्ता पुसू.

पुसण्यासाठी स्टार्टमध्ये सी-एम-डी असे शोधून कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करावी आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे; तसे न उघडल्यास विंडोजच्या काही आवृत्त्या ही आज्ञा नाकारतात. मग आयपीकॉन्फिग, जागा, /फ्लशडीएनएस, ज्यातला शेवटचा शब्द एफ-एल-यू-एस-एच-डी-एन-एस असा जोडून लिहायचा आहे. तिरकी रेघ उलट्या बाजूला झुकलेली दिली, तर आज्ञा समजली नाही असे उत्तर येते. फोनवर सांगताना बहुतेक गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून ‘प्रश्नचिन्हाच्या कळीवरची रेघ’ असे सांगावे. डीएनएस रिझॉल्व्हर कॅशे यशस्वीपणे पुसल्याचे वाक्य इंग्रजीत आले म्हणजे काम झाले. त्याऐवजी पुसता आले नाही, कार्य अयशस्वी झाले अशा अर्थाचे वाक्य आले, तर डीएनएस क्लायंट ही विंडोजची सेवा बंद केलेली आहे का ते पाहावे. संगणक वेगवान करण्याच्या नावाखाली काही जण ती बंद करून टाकतात. तसे करू नये.

पॉवरशेल वापरणाऱ्यांसाठी क्लिअर-डीएनएसक्लायंटकॅशे ही आज्ञा आहे आणि नोंदी पाहण्यासाठी गेट-डीएनएसक्लायंटकॅशे. दोन्हींत पहिल्या शब्दानंतर आडवी रेघ आहे आणि बाकी सारे सलग आहे.

एक शंका हमखास विचारली जाते, म्हणून स्पष्ट सांगतो. या आज्ञेने पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास, जतन केलेली पाने, हिशेबाचा डेटा यांपैकी काहीही जात नाही. फक्त नाव आणि पत्ता यांच्या नोंदी जातात आणि त्या पुढच्या वेळी नव्याने मिळवल्या जातात. ब्राउझरमधून ‘कॅशे साफ करा’ म्हणून जे पुसले जाते ते वेगळे. त्यात पानांच्या आणि चित्रांच्या प्रती असतात, आणि ‘कुकीज’वर खूण राहिली असेल तर सगळीकडून लॉगिन बाहेर पडते. त्या दोन कामांची गल्लत केल्यामुळे एखाद्या मुनीमजींना बँकेच्या आणि जीएसटीच्या पानांवर पुन्हा पहिल्यापासून लॉगिन करावे लागले, तर त्यांचा राग रास्तच असतो.

संगणक बंद करून चालू केला की कॅशे जाते, हे अर्धेच खरे आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. सगळे खरोखर नव्याने सुरू करायचे असेल तर ‘रीस्टार्ट’ निवडावे.

ब्राउझर, राउटर आणि बाकीची यंत्रे

विंडोजची कॅशे पुसल्यावर पिंग बरोबर पत्ता दाखवतो आणि ब्राउझर मात्र जुन्याच ठिकाणी जातो, अशी स्थिती असेल तर ब्राउझरची प्रत पुसावी. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा, मग नेट-इंटर्नल्स, तिरकी रेघ, हॅशचे चिन्ह आणि डीएनएस असे लिहिले की ‘क्लिअर होस्ट कॅशे’ हे बटण मिळते. त्याच पत्त्यात डीएनएसच्या जागी सॉकेट्स लिहून ‘फ्लश सॉकेट पूल्स’ हे बटणही दाबावे, कारण जुन्या पत्त्याशी आधीच उघडलेली जोडणी ब्राउझर तशीच वापरत राहू शकतो. फायरफॉक्समध्ये अबाउट, अपूर्णविराम, नेटवर्किंग, हॅश आणि डीएनएस असे लिहिले की नोंदींची यादी आणि ती पुसण्याचे बटण एकाच पानावर दिसते.

अलीकडे ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ अशी एक सोय असते. त्यात नावाचा प्रश्न सांकेतिक जोडणीतून, २०१८ मध्ये ठरलेल्या पद्धतीने, थेट एखाद्या सेवेला जातो. ही सोय चालू असून ठराविक सेवा निवडलेली असेल, तर ब्राउझर विंडोजची कॅशे आणि राउटर या दोन्हींना वळसा घालून विचारतो. मग आयपीकॉन्फिगची आज्ञा कितीही वेळा दिली तरी ब्राउझरच्या वागण्यात फरक पडत नाही, आणि पेढीच्या आतल्या जाळ्यापुरते ठेवलेले नाव ब्राउझरला सापडतही नाही. निदान होईपर्यंत ती सोय तात्पुरती बंद करून पाहावी.

राउटरची प्रत घालवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याची लाइट काढून पुन्हा लावणे. येथे मात्र जपावे लागते. गाळ्यावरचा राउटर बंद करून चालू केला तर काही हरकत नाही. पेढीतला राउटर बंद केला तर पेढीचा पत्ताच पुन्हा बदलण्याची शक्यता असते आणि सुटत आलेली अडचण पहिल्या जागी जाते. कोणता राउटर, हे फोनवर नाव घेऊन सांगावे.

कंपनीच्या डीएनएसमधली प्रत आपल्याला पुसता येत नाही. गाळ्यावरच्या जोडणीत डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून ठेवले, तर निदान ती साखळी आपल्या हातात येते, कारण गुगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांनीही एखादे नाव आपल्या सार्वजनिक कॅशेतून काढून टाकण्याची पाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

मॅकवर टर्मिनलमध्ये दोन आज्ञा द्याव्या लागतात: सुडो, जागा, डीएसकॅशेयुटिल, जागा, आडवी रेघ आणि चिकटून फ्लशकॅशे, मग सुडो, जागा, किलऑल, जागा, आडवी रेघ आणि मोठ्या लिपीत एच-यू-पी, जागा, एमडीएनएसरिस्पॉन्डर, ज्यात एम लहान, डी-एन-एस मोठी आणि त्यापुढचा आर मोठा. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी तो टंकून एंटर द्यावा. उबुंटूसारख्या लिनक्सवर रिझॉल्व्हसीटीएल, जागा, फ्लश-कॅशेस. मोबाईलवर विमान मोड चालू करून बंद करणे बहुधा पुरते.

पुसूनही तक्रार परत येते तेव्हा

सर्वांत आधी होस्ट्स फाइल पाहावी. डीएनएस येण्यापूर्वी सगळ्या जाळ्यातील संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि सगळे जण तिथून ती उतरवून घेत. त्या पद्धतीचा अवशेष म्हणून प्रत्येक संगणकात आजही होस्ट्स नावाची छोटी फाइल असते आणि तिच्यात लिहिलेला पत्ता डीएनएसच्या आधी मानला जातो. तिला मुदत नसते. फ्लश केल्याने ती पुसली जात नाही.

हे प्रकरण व्यवहारात असे घडते. पेढीच्या आत बसून पेढीचेच बाहेरचे नाव वापरले, तर काही राउटर ती वाट फिरवून आत आणू शकत नाहीत. मग एखादा जाणकार पेढीतल्या लॅपटॉपवर होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहितो, १९२.१६८.१.१० आणि पुढे सर्व्हरचे नाव, आणि आतले काम सुरू होते. काही महिन्यांनी तोच लॅपटॉप कळमन्याला किंवा कोणाच्या घरी मनीषनगरला जातो. तिथे १९२.१६८.१.१० या पत्त्यावर कोणी नसते, किंवा भलतेच यंत्र, एखादा प्रिंटर बसलेला असतो. फ्लश, रीस्टार्ट, नवा ब्राउझर, कशानेही फरक पडत नाही, कारण ती ओळ फाइलमध्ये तशीच असते; आणि ती कोणाला आठवतही नाही, कारण ती लिहिणारा माणूस आणि ती अडचण सोसणारा माणूस वेगळे असतात. ओळख सोपी आहे: एनएसलुकअप बरोबर पत्ता देतो आणि पुसल्यानंतर लगेच दिलेला पिंग मात्र जुनाच पत्ता दाखवतो. सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशा वाटेने जाऊन होस्ट्स ही फाइल उघडावी. नोटपॅड आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यातून ती उघडली तरच बदल जतन होतो. जिच्या आरंभी हॅशचे चिन्ह आहे ती ओळ निष्क्रिय असते. नको असलेली ओळ एकदम न पुसता तिच्या आरंभी हॅश लावून, का लावले ते शेजारी लिहून ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे मूळ नोंदच न बदलणे. पत्ता बदलला की नोंद बदलणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे डायनॅमिक डीएनएसचा क्लायंट, पेढीच्या सर्व्हरवर किंवा राउटरमध्ये चालतो. लाइट आल्यावर तो सर्व्हर कोणी हाताने चालू करेपर्यंत बंदच राहिला, तर नवा पत्ता कळवणार कोण? शक्य असेल तर हे काम राउटरकडे द्यावे, कारण लाइट आल्यावर तो स्वतःहून सुरू होतो. सर्व्हरवरच ठेवायचे असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या त्याच्या मूळ सेटिंगांत, वीज परत येताच आपोआप सुरू होण्याची सोय लावावी.

तिसरे कारण ‘नाही’ या उत्तराची कॅशे. नाव अस्तित्वात नाही हे उत्तरही जपून ठेवले जाते. १९९८ च्या नियमांप्रमाणे त्याची मुदत त्या डोमेनच्या मालकाने ठरवलेली असते आणि ती एक तास किंवा त्याहून अधिक असू शकते. नवे उपनाव तयार होण्याआधीच उत्सुकतेने ते उघडून पाहिले, की वरच्या डीएनएसमध्ये ‘असे नाव नाही’ ही नोंद बसते आणि नाव तयार झाल्यावरही काही काळ तेच उत्तर येत राहते. म्हणून आधी नोंद करावी, मूळ सर्व्हरवर ती आल्याची खात्री करावी आणि मगच पत्ता इतरांना कळवावा.

चौथे कारण फसवे आहे. एकाच नावाला दोन प्रकारचे पत्ते असू शकतात, जुन्या पद्धतीचा आणि आयपीव्ही६ चा. होस्टिंग बदलताना पहिला बदलला आणि दुसरा जुनाच राहिला, तर आयपीव्ही६ असलेल्या जोडण्यांवरून, ज्यांत मोबाईल डेटा मोठ्या प्रमाणात येतो, लोक जुन्या सर्व्हरवर जातात आणि नसलेल्या जोडण्यांवरून नव्या. बाहेरून हे हुबेहूब कॅशेच्या अडचणीसारखे दिसते. एनएसलुकअपच्या उत्तरात अपूर्णविरामांनी जोडलेला लांब पत्ता दिसला तर तोही तपासावा.

आणि पाचवे, सॉफ्टवेअर स्वतःच. काही कार्यक्रम सुरू होताना एकदाच पत्ता विचारतात आणि बंद होईपर्यंत तोच धरून बसतात. कॅशे पुसल्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. नुसती खिडकी लहान करून चालत नाही.

वारंवार होऊ नये म्हणून

लाइट जाणे आपल्या हातात नाही, पण पेढीचा राउटर बंद पडू न देणे हातात आहे. राउटर आणि फायबरचे छोटे यंत्र यांना फार वीज लागत नाही; त्यांच्यासाठी मिळणारा लहान १२ व्होल्टचा यूपीएस दोघांना मिळून लावला, अथवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, तर तासाभराच्या खंडातही जोडणी तुटत नाही आणि पत्ता बदलण्याचे निमित्तच उरत नाही. दोन्ही यंत्रांचे व्होल्टेज ॲडॉप्टरवर वाचून मगच यूपीएस घ्यावा. कोणत्याही आज्ञेपेक्षा या एका गोष्टीने गाळ्यावरचे फोन अधिक कमी होतात, असे माझे ठाम मत आहे.

नावाची मुदत ६० किंवा ३०० सेकंद ठेवावी. बदलत राहणाऱ्या पत्त्याला एक तासाची मुदत देणे म्हणजे प्रत्येक बदलानंतर एक तासाची अडचण मान्य करणे होय. संकेतस्थळ हलवायचे असेल तर मुदत निदान एक जुनी मुदत आधी कमी करावी; जुनी ८६४०० असेल तर आदल्या दिवशी, कारण कमी केलेली मुदत लोकांपर्यंत पोहोचायलाही जुन्या मुदतीइतकाच वेळ लागतो. स्थलांतर पार पडल्यावर ती पुन्हा वाढवावी.

सर्वांत पक्का उपाय म्हणजे कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घेणे. हिशेबाचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणे धोक्याचे असल्यामुळे त्याच्यासमोर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी सांकेतिक जोडणी, ठेवावे, हेही तितकेच आवश्यक आहे. मात्र स्थिर पत्ता न घेता वायरगार्डसारखे व्हीपीएन लावणार असाल, तर ते दुसऱ्या टोकाचे नाव जोडणी सुरू करतानाच एकदा विचारते आणि नंतर पत्ता बदलला तरी स्वतःहून पुन्हा विचारत नाही. पेढीचा पत्ता बदलल्यावर गाळ्यावरची जोडणी एकदा बंद करून चालू करावी लागते, किंवा दर काही मिनिटांनी नाव पुन्हा विचारणारी छोटी स्क्रिप्ट बसवावी लागते. ती जोडणी अडकली असताना गाळ्यावर कॅशे कितीही पुसली तरी तिला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून व्हीपीएन असलेल्या ठिकाणी आधी जोडणी बंद-चालू करावी आणि पिंग त्यानंतर पाहावा.